दोन पेशी, एक पेशीद्रव्य: राव आणि जॉन्सन यांच्या १९७० मधील प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पेशीचक्र आपल्याकडे अकरावीच्या जीवशास्त्रात एका वर्तुळाच्या आकृतीने शिकवले जाते. जी-१, एस, जी-२ आणि एम या चार प्रावस्था त्या वर्तुळावर क्रमाने मांडलेल्या असतात, आणि एम प्रावस्थेच्या पोटात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था या सूत्री विभाजनाच्या पायऱ्या येतात. विद्यार्थी हा क्रम पाठ करतो, कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी पाहून आकृत्या काढतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. हा क्रम पेशीकडून पाळून कोण घेते, हा प्रश्न मात्र त्या आकृतीत कुठेच उमटत नाही. डीएनएची प्रत एकदा तयार झाल्यावर पेशी तीच प्रत पुन्हा का काढत नाही? प्रत अर्धवट असताना विभाजन का सुरू होत नाही? पुढची प्रावस्था सुरू करण्याचा निर्णय केंद्रक घेते की भोवतालचे पेशीद्रव्य?

सस्तन प्राण्यांच्या पेशींच्या बाबतीत या प्रश्नांना पहिले नेमके प्रायोगिक उत्तर पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन या दोन संशोधकांच्या कामातून मिळाले. राव मूळचे भारतीय. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील वैद्यकीय केंद्रात दोघांनी केलेले हे काम १९७० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंधांच्या रूपाने प्रसिद्ध झाले, पहिला जानेवारीत आणि दुसरा मे महिन्यात. या लेखात त्या एकाच प्रयोगमालिकेचा अभ्यास केला आहे. पेशीचक्राच्या प्रावस्था समजून घेण्यासाठी याहून चांगले प्रकरण मला माहीत नाही, कारण इथे प्रत्येक प्रावस्थेला तिच्या जागेवरून उचलून दुसऱ्या प्रावस्थेच्या शेजारी बसवले गेले आणि त्यानंतर काय घडते ते प्रत्यक्ष पाहिले गेले.

प्रयोगापूर्वीची स्थिती

विभाजनाचा दृश्य भाग एकोणिसाव्या शतकातच माहीत झाला होता. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून त्यांतील धाग्यांची हालचाल टिपली आणि १८८२ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध केली. धागे आखडून जाड होतात, केंद्रकावरण विरते, गुणसूत्रांना ओढणाऱ्या तंतूंचा तर्कू तयार होतो, गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर ओळीत येतात, प्रत्येक गुणसूत्राच्या दोन अर्धगुणसूत्रांची फारकत होते, ती विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जातात, तिथे नवी केंद्रके तयार होतात आणि शेवटी परिकलविभाजनाने पेशीच दोन होतात. सूक्ष्मदर्शकाला जे दिसू शकत होते ते बहुतेक सर्व यात आले होते. दोन विभाजनांमधला काळ मात्र भिंगाखाली अगदी शांत वाटत असे, आणि म्हणून कितीतरी वर्षे त्याला विश्रांतीचा काळ म्हटले गेले.

ही समजूत मोडली ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, लंडनमध्ये. ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या रोपांच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि तो डीएनएमध्ये नेमका केव्हा शिरतो ते पाहिले. तो विभाजनाच्या वेळी शिरत नव्हता. तो आंतरावस्थेतील, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळातील, एका ठरावीक कालखंडातच शिरत होता, आणि त्या कालखंडाच्या आधी एक व नंतर एक असे दोन रिकामे काळ होते. १९५३ मधील निबंधात त्यांनी प्रत बनण्याच्या काळाला एस आणि दोन्ही बाजूंच्या रिकाम्या काळांना जी-१ व जी-२ ही नावे दिली. आजची वर्तुळाकृती तिथून आली.

त्यामुळे १९६० च्या दशकाअखेर क्रम माहीत होता आणि प्रत्येक प्रावस्थेला लागणारा वेळही मोजता येत होता. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या हेला या मानवी कर्करोग-पेशींचे एक चक्र साधारण बावीस तासांचे असते. त्यात जी-१ ला सुमारे दहा, एस ला सुमारे सात आणि जी-२ ला तीन ते चार तास लागतात, तर ज्याची चित्रे आपण सर्वांत जास्त काढतो ते सूत्री विभाजन जेमतेम तासाभरात उरकते. माहीत नव्हते ते कारण. प्रत्येक केंद्रक आपापल्या वेळेनुसार पुढे सरकते, असे मानता येत होते. पेशीद्रव्यात काही पदार्थ साठत जातात आणि ते केंद्रकाला पुढे ढकलतात, असेही मानता येत होते. दुसऱ्या शक्यतेला अनुकूल असे काही पुरावेही होते. फायसारम या बुळबुळीत बुरशीसारख्या जीवाच्या एकाच मोठ्या जीवद्रव्यात असंख्य केंद्रके असतात आणि ती सगळी जवळजवळ एकाच वेळी विभागतात. दोन वेगवेगळ्या वेळी विभागू पाहणारी जीवद्रव्ये एकत्र केली, तर विभाजन मधल्याच एखाद्या वेळी होते, असेही त्या दशकात दिसून आले होते. परंतु माणसाच्या पेशीत प्रत्येक प्रावस्था वेगळी काढून तपासण्याचे काम बाकी होते.

साहित्य आणि पद्धत

वापरलेल्या पेशी हेला वंशाच्या होत्या, आणि त्या कोणाच्या होत्या हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकी महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ च्या सुरुवातीला, बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, तिची संमती न घेता ऊतीचा तुकडा घेतला गेला. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढत राहिल्या. ती स्वतः त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारली. आपण पाहत असलेला प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांत तिच्या पेशी होत्या, आणि तिच्या कुटुंबाला त्याची कल्पनाही नव्हती. पेशीचक्राविषयी आपल्याला जे ज्ञान आहे त्याचा मोठा हिस्सा या पेशींवर उभा आहे, म्हणून ही नोंद प्रकरणाचाच भाग आहे.

पहिली अडचण पेशी एका प्रावस्थेत आणण्याची होती. काचपात्रात वाढणाऱ्या लाखो पेशी प्रत्येकी आपापल्या टप्प्यावर असतात, त्यामुळे त्यांच्यावर काढलेला कोणताही निष्कर्ष सरासरीचा असतो. यावर दोन उपाय वापरले गेले. माध्यमात थायमिडीन हा पदार्थ जास्त प्रमाणात घातला की डीएनए बनवण्यासाठी लागणाऱ्या इतर घटकांचा पुरवठा अडतो आणि पेशी एस प्रावस्थेच्या उंबरठ्यावर थांबतात. थायमिडीन धुऊन काढले की त्या सर्व एकदमच पुढे निघतात. मग ठरावीक तासांनी त्या एस मध्ये किंवा जी-२ मध्ये असलेल्या मिळतात. विभाजनातील पेशींसाठी राव यांनी १९६८ मध्ये स्वतः एक पद्धत शोधून काढली होती. उच्च दाबाखाली नायट्रस ऑक्साइड वायू दिला असता तर्कूचे काम बिघडते आणि पेशी सूत्री विभाजनात अडकून राहतात. दाब सोडला की अडथळा दूर होतो आणि विभाजन पूर्ण होऊन पेशी एकसाथ जी-१ मध्ये प्रवेश करतात. भूल देण्यासाठी वापरला जाणारा हा वायू पेशींना एका रांगेत उभे करण्यासाठी उपयोगी पडावा, यातील कल्पकतेचे मला आजही कौतुक वाटते. औषध धुऊन काढण्याची गरजच उरत नाही आणि पेशींना इजाही कमी होते.

दुसरी अडचण दोन पेशी एक करण्याची होती. त्यासाठीची वाट हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी १९६५ मध्ये ऑक्सफर्डला दाखवली होती. सेंडाई विषाणू अतिनील किरणांनी निष्क्रिय केला तर त्याची संसर्ग करण्याची शक्ती जाते, पण पेशीपटले एकमेकांत विलीन करण्याची त्याची क्षमता टिकून राहते. त्याच्या साहाय्याने जोडलेल्या पेशीत दोन किंवा अधिक केंद्रके एकाच पेशीद्रव्यात येतात.

आता त्या पेशीतले कोणते केंद्रक कोणत्या प्रावस्थेतून आले हे ओळखायचे कसे? जोडण्याआधी एका गटाच्या पेशींना ट्रिटियमयुक्त, म्हणजे किरणोत्सारी, थायमिडीन देण्यात आले. अशा पेशींच्या काचपट्टीवर छायाचित्रणाचे संवेदनशील द्रव्य पसरून ते काही दिवस अंधारात ठेवले की खूण असलेल्या केंद्रकांवर चांदीचे काळे कण उमटतात, आणि बिनखुणेची केंद्रके स्वच्छ राहतात. पेशी जोडल्यानंतरही माध्यमात किरणोत्सारी थायमिडीन ठेवले, तर बिनखुणेच्या केंद्रकाने डीएनए बनवायला केव्हा सुरुवात केली हेही त्याच काळ्या कणांवरून कळते. तुलनेसाठी एकाच प्रावस्थेतील दोन पेशी जोडून तयार केलेल्या द्विकेंद्रकी पेशीही तपासल्या गेल्या, कारण नुसत्या जोडणीमुळे वेळापत्रक बदलत नाही हे सिद्ध होणे आवश्यक होते.

काय आढळले

एस आणि जी-१ यांची जोडी आधी घेऊ. जी-१ मधील केंद्रकाला स्वतःच्या पेशीत असताना डीएनएची प्रत सुरू करायला अजून काही तास लागले असते. एस पेशीशी जोडल्यावर मात्र त्याने ती बरीच आधी सुरू केली. एका जी-१ केंद्रकाबरोबर दोन एस केंद्रके असतील तर सुरुवात आणखी लवकर होत असे. हा प्रमाणाचा धागा महत्त्वाचा आहे. परिणाम प्रमाणानुसार वाढतो याचा अर्थ एस पेशीच्या पेशीद्रव्यात प्रत सुरू करणारा काही पदार्थ खरोखरच आहे आणि तो दुसऱ्या केंद्रकापर्यंत पोहोचतो.

एस आणि जी-२ यांच्या जोडीत याच्या उलट आढळले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा गाभा इथेच आहे. जी-२ मधील केंद्रक त्याच एस पेशीद्रव्यात होते, प्रत सुरू करणारा तोच पदार्थ त्याच्याभोवती होता, तरीही त्याने दुसऱ्यांदा प्रत काढली नाही. एस केंद्रकाचे काम जी-२ च्या सहवासाने थांबलेही नाही; म्हणजे जी-२ पेशीत प्रत रोखणारा एखादा मुक्त पदार्थ फिरत असतो, ही शक्यताही मावळली. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की विभाजनासाठी जवळजवळ तयार असलेले जी-२ केंद्रक ताटकळत राहिले. पंगतीत आपले जेवण आटोपलेला माणूस जसा शेजारच्याचे जेवण होईपर्यंत पानावरून उठत नाही, तसे ते एस केंद्रकाची प्रत पूर्ण होईपर्यंत थांबले, आणि त्यानंतर दोन्ही केंद्रके सहसा बरोबरच विभाजनात गेली.

जी-१ आणि जी-२ यांच्या जोडीतही हेच सूत्र दिसले. जी-१ केंद्रकाने आपल्या वेळेला एस मध्ये प्रवेश केला, जी-२ केंद्रकाने त्याला अडवले नाही आणि स्वतः मात्र वाट पाहिली.

मे महिन्यातील निबंध विभाजनात असलेल्या पेशींविषयी होता. एम पेशी आंतरावस्थेतील कोणत्याही पेशीशी जोडली की साधारण अर्ध्या तासात आंतरावस्थेतील केंद्रकाचे आवरण विरू लागे आणि आतील क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिने, आखडून गुणसूत्रांचे रूप घेई. ते केंद्रक त्यासाठी तयार होते की नाही याचा विचारच होत नसे. या घटनेला अकाली गुणसूत्र-संघनन असे म्हणता येईल. तयार झालेल्या गुणसूत्रांचे रूप मात्र केंद्रक कोठून आले त्यानुसार वेगवेगळे होते. जी-१ मधील गुणसूत्रे एकेरी, लांब आणि बारीक धाग्यांसारखी दिसत, कारण त्यांची प्रत अजून झालेली नव्हती. जी-२ मधील गुणसूत्रे दुहेरी होती. दोन अर्धगुणसूत्रे शेजारी शेजारी, नेहमीच्या मध्यावस्थेतल्यापेक्षा लांब आणि सैल. एस मधील केंद्रकाचे मात्र तुकडे तुकडे झाल्यासारखे दिसे, जणू सर्व काही चुरडून गेले आहे.

आंतरावस्थेच्या तीन प्रावस्था डोळ्यांना सारख्याच दिसतात म्हणून हॉवर्ड आणि पेल्क यांना किरणोत्सारी फॉस्फरस वापरावा लागला होता. इथे त्या तिन्ही प्रावस्था सामान्य सूक्ष्मदर्शकाखाली, प्रत्येकीच्या स्वतंत्र चेहऱ्याने प्रकट झाल्या.

विश्लेषण

या निष्कर्षांवरून पहिली गोष्ट ठरली ती अशी की पेशीचक्राला पुढे नेणारे संकेत पेशीद्रव्यात असतात आणि ते पसरू शकतात. परंतु नुसते एवढेच म्हणून थांबलो तर एस आणि जी-२ यांच्या जोडीचा अर्थ लागत नाही. एकाच पेशीद्रव्यात, एकाच संकेताला जी-१ केंद्रक प्रतिसाद देते आणि जी-२ केंद्रक देत नाही. म्हणजे केंद्रकाची स्वतःची पात्रताही असते, आणि ती एकदा वापरली की संपते. संकेत आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या प्रयोगाने दाखवून दिले. वर्तुळाच्या आकृतीत नेमका हाच भेद हरवतो. तिथे प्रावस्था म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरील जागा वाटतात.

त्या पात्रतेचा रेणवीय अर्थ लागायला पुढे बराच काळ गेला. १९८८ मध्ये ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावर काम करून डीएनएला प्रत काढण्याचा जणू परवाना दिला जातो आणि प्रत निघताना तो रद्द होतो, अशी मांडणी केली. आज आपल्याला हा परवाना म्हणजे काय ते माहीत आहे. विभाजनाच्या अखेरीस आणि जी-१ मध्ये, सायक्लिन या चक्रागणिक साठून नष्ट होणाऱ्या प्रथिनांवर अवलंबून असणाऱ्या कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या, विकरांची क्रियाशीलता कमी असताना, एमसीएम नावाच्या प्रथिनांची कडी डीएनएवरील प्रारंभस्थानांवर चढवली जातात. पुढे याच विकरांची क्रियाशीलता वाढली की ती कडी कार्यरत होऊन प्रत सुरू होते. मात्र त्या वाढलेल्या क्रियाशीलतेतच नवी कडी चढवण्यास मनाई असते. चढवण्याची आणि चालू करण्याची परिस्थिती अशी परस्परविरुद्ध ठेवल्यामुळे एका चक्रात प्रत्येक प्रारंभस्थान एकदाच वापरले जाते. जी-१ केंद्रकावर कडी चढलेली होती, फक्त चालू करणारा संकेत कमी होता; एस पेशीने तो पुरवला. जी-२ केंद्रकाला संकेत मिळाला, पण त्याच्या प्रारंभस्थानांवर कडीच उरलेली नव्हती. १९७० मधील निरीक्षण आणि आजचे स्पष्टीकरण यांचा मेळ इतका चोख बसतो की विद्यार्थ्यांना परवान्याची संकल्पना शिकवताना सुरुवात या जोडीपासूनच करावी, असे मला आग्रहाने वाटते.

जी-२ केंद्रकाच्या वाट पाहण्याचा अर्थही असाच नंतर उलगडला. एखादी घटना आधीच्या घटनेनंतरच का घडते, याची दोन कारणे संभवतात. पहिल्या घटनेतून निर्माण झालेली वस्तू दुसऱ्या घटनेला कच्चा माल म्हणून लागत असेल, हे एक कारण. दुसरे असे की पहिली घटना अपूर्ण असल्याची खबर देणारी आणि दुसरीला थोपवणारी स्वतंत्र यंत्रणाच पेशीत असेल. लीलंड हार्टवेल आणि टेड वाइनर्ट यांनी किण्वावरील कामातून १९८९ मध्ये या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणांना तपासनाके ठरवून त्यांची व्यवस्थित मांडणी केली. राव-जॉन्सन प्रयोगातील जी-२ केंद्रकाला कच्च्या मालाची काहीच उणीव नव्हती. त्याची स्वतःची प्रत केव्हाच पूर्ण झाली होती. तरीही ते थांबले, म्हणजे अडवणूक शेजारच्या केंद्रकातून निघालेल्या संकेताने केली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रत चालू असलेल्या डीएनएकडून एटीआर आणि सीएचके-१ या विकरांमार्फत विभाजन सुरू करणाऱ्या विकरावर लगाम राहतो.

आता येथे एक विसंगती वाटेल आणि ती टाळून पुढे जाता कामा नये. एस आणि जी-२ एकत्र आले तर एस चे म्हणणे चालते, विभाजन थांबते. एस आणि एम एकत्र आले तर मात्र एम चे म्हणणे चालते आणि एस केंद्रक चुरडले जाते. तपासनाके असताना हे घडते कसे? विभाजन सुरू करणारा घटक, म्हणजे सायक्लिन-बी आणि सीडीके-१ या विकराची जोडी, स्वतःलाच आणखी क्रियाशील करतो. तो आपल्याला रोखणाऱ्या वी-१ या विकराला निष्प्रभ करतो आणि आपल्याला मोकळे करणाऱ्या सीडीसी-२५ ला चालना देतो. जी-२ मध्ये हा घटक अजून उंबरठ्याच्या अलीकडे असतो, तेव्हा शेजारच्या केंद्रकातून आलेला लगाम त्याला पुरेसा होतो. एम पेशीत तो पूर्ण जोमात आलेला असतो आणि तोच लगाम त्याच्यापुढे टिकत नाही. म्हणून तपासनाके प्रवेशाच्या वेळी काम करतात, प्रवेश झाल्यावर नाही. पूर्वावस्थेत दिसणारे बदलही याच घटकाचे काम आहे: केंद्रकावरणाच्या आतल्या बाजूच्या लॅमिन प्रथिनांवर फॉस्फेट चढले की आवरणाचा आधार सुटतो, आणि कंडेन्सिन प्रथिनांच्या साहाय्याने डीएनएचे धागे आखडतात. म्हणूनच प्रत झालेली नसलेल्या जी-१ केंद्रकालाही पूर्वावस्थेसारखे रूप घेता आले. पूर्वावस्थेचा देखावा हा पेशीद्रव्यातील या घटकाचा परिणाम आहे. डीएनएची प्रत पूर्ण झाल्याचा तो पुरावा ठरत नाही.

मात्र देखाव्यापलीकडची वाट सर्वांना सारखी खुली नसते. मध्यावस्थेत प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडून आलेल्या तर्कुतंतूंना जोडली जावी लागतात आणि त्यांच्यातील ताण समतोल राहावा लागतो. जी-१ मधून अकाली आखडलेले गुणसूत्र एकेरी असते. त्याला जोडीदार अर्धगुणसूत्रच नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओढले जाण्याची ही व्यवस्था त्याच्यापुरती उभीच राहत नाही आणि पश्चावस्थेत समान वाटणी होण्याचा प्रश्नच येत नाही. पूर्वावस्था ते अंत्यावस्था या चार पायऱ्या आपण एका दमात म्हणतो. त्यांतील पहिली पायरी पेशीद्रव्याच्या बळावर पार होते, पुढच्या पायऱ्यांना एस प्रावस्थेत तयार झालेली जोडी लागते.

एस मधील गुणसूत्रांचा चुरा हा तुकड्यांचा भास असतो की खरी मोडतोड, याविषयी पुढे पुष्कळ काम झाले. प्रत चालू असताना डीएनएचे काही भाग दुहेरी झालेले असतात, काही एकेरी असतात आणि जिथे काम सुरू आहे ते भाग सैल उकललेले असतात. हे सैल भाग नीट आखडत नाहीत, म्हणून आखडलेल्या भागांमध्ये फटी दिसतात. सगळाच भास नसतो. अकाली आखडण्याच्या ताणाने प्रत चालू असलेल्या ठिकाणी धागे खरोखर तुटूही शकतात.

एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. हेला या कर्करोगाच्या पेशी आहेत. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या अठराव्या प्रकाराची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने त्यांच्यात पी-५३ आणि आरबी या दोन महत्त्वाच्या रक्षक प्रथिनांना निकामी करतात, त्यामुळे जी-१ मधून एस मध्ये जाण्यावरचे नियंत्रण त्यांच्यात ढिले झालेले असते. म्हणून निरोगी पेशी जी-१ मध्ये केव्हा थांबते आणि चक्राबाहेर जाऊन विश्रांत अवस्थेत केव्हा शिरते, या प्रश्नांसाठी हे प्रकरण उपयोगी नाही. एस, जी-२ आणि एम यांच्यातील क्रमाचे नियम मात्र अशा बिघडलेल्या पेशीतही शाबूत होते. ते किती मूलभूत आहेत हे त्यावरून कळते.

प्रयोगानंतर

विभाजन सुरू करणाऱ्या ज्या पदार्थाचे अस्तित्व या प्रयोगांनी दाखवले, तो हाती लागण्याचा मार्ग वेगळ्याच जीवांतून गेला. १९७१ मध्ये योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी बेडकाच्या पक्व अंड्यातील पेशीद्रव्य अपक्व अंड्यात टोचून ते पक्व होते हे दाखवले. हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी दोन प्रकारच्या किण्वांतील उत्परिवर्तनांवरून चक्राचे जनुक शोधले. टिम हंट यांनी १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत प्रत्येक विभाजनागणिक साठून नष्ट होणारे प्रथिन पाहिले, तेच सायक्लिन. हार्टवेल, नर्स आणि हंट यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी-संयोगाच्या प्रयोगांनी या सर्व शोधांसाठी प्रश्न नेमका करून ठेवला होता, आणि राव यांचे नाव आपल्याकडील वर्गांत जवळजवळ ऐकू येत नाही याची मला खंत वाटते.

राव यांनी पुढे ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग संस्थेत हेच काम चालू ठेवले. वॉल्टर हिटलमन यांच्याबरोबर त्यांनी १९७४ मध्ये असे दाखवले की क्षकिरणांनी गुणसूत्रांना झालेली इजा पाहण्यासाठी पेशी विभाजनात जाण्याची वाट पाहावी लागत नाही. एम पेशीशी जोडून आंतरावस्थेतील गुणसूत्रे लगेच दृश्य करता येतात आणि मोडलेले भाग कालांतराने कसे सांधले जातात तेही मोजता येते. याचा उपयोग किरणोत्सर्गाच्या अपघातांत होतो. व्यक्तीला किती मात्रा लागली हे ठरवण्याची नेहमीची रीत म्हणजे रक्तातील लसिकापेशी वाढवून विभाजनातील बिघडलेली गुणसूत्रे मोजणे. मात्रा फार मोठी असेल तर पेशी विभाजनापर्यंत पोहोचतच नाहीत आणि ही रीत निरुपयोगी ठरते. अशा वेळी अकाली संघनन कामी येते. जपानमधील तोकाईमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी झालेल्या अपघातात अतितीव्र किरणोत्सर्ग झालेल्या कामगारांच्या मात्रेचा अंदाज या तंत्राच्या साहाय्याने केला गेला. आता पेशी जोडण्याचीही गरज राहिलेली नाही. ओकाडाइक आम्ल किंवा कॅलिक्युलिन-ए यांसारखी, फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना रोखणारी रसायने तोच परिणाम घडवतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनीही रसायनाने घडवलेल्या अकाली संघननावर, मोठ्या मात्रांच्या मोजणीसाठी काम केले आहे.

या प्रकरणातील सर्वांत चमत्कारिक वाटणारी जोडी, म्हणजे एम पेशीद्रव्यात सापडलेले एस केंद्रक, प्रयोगशाळेबाहेरही निर्माण होते असे अलीकडे लक्षात आले आहे. पश्चावस्थेत एखादे गुणसूत्र मागे राहिले तर अंत्यावस्थेत त्याच्याभोवती स्वतंत्र लहान आवरण तयार होते आणि मुख्य केंद्रकाशेजारी एक सूक्ष्मकेंद्रक उरते. त्यातील डीएनएची प्रत नीट आणि वेळेवर होत नाही. डेव्हिड पेलमन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की मुख्य केंद्रक विभाजनात जाते तेव्हा सूक्ष्मकेंद्रकातील प्रत अजून चालूच असू शकते, आणि मग त्यातील गुणसूत्राचा तसाच चुरा होतो. काही कर्करोगांत एखाददुसऱ्या गुणसूत्राचेच शेकडो तुकडे होऊन ते वेड्यावाकड्या क्रमाने पुन्हा सांधलेले आढळतात. २०१५ मध्ये त्याच गटाने एकेका पेशीच्या डीएनएचा क्रम वाचून अशी उलथापालथ सूक्ष्मकेंद्रकातून सुरू होऊ शकते हे सिद्ध केले. सूक्ष्मकेंद्रकाचे आवरण नाजूक असते आणि आंतरावस्थेतच फाटून आतील डीएनए उघडा पडतो, हेही या मोडतोडीचे कारण आहे. त्यामुळे सूक्ष्मकेंद्रकातील प्रत्येक तुकड्याचा दोष अकाली संघननाला देता येत नाही.